व्याह्यांच्या डोक्यावर पाचशे व्होल्ट

मी ठरवलं होतं ते एवढंच, की आमच्या खोलीत ओला टॉवेल वाळत घालायचा नाही. यात न पटण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. पण बायकोने "का?" असं विचारलं आणि मी (परदेशात शिकून आलेला माणूस असल्यामुळे) सविस्तर उत्तर दिलं. तिथेच घोळ झाला.

कारण होतं माझे हेडफोन. शिकत असताना एका म्हाताऱ्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला गळ घालून मी ते मिळवले होते. वयाने माझ्याहून मोठे. इलेक्ट्रोस्टॅटिक. म्हणजे यात चुंबकबिंबक काही नसतं. दोन जाळ्यांच्या मधे केसाहून पातळ पडदा ताणलेला असतो. त्याला एका डब्यातून पाचशे व्होल्ट द्यायचे, डब्यावरचा तांबडा दिवा लागला की स्वर्ग! फक्त हा स्वर्ग जरा नाजूक आहे. ओलावा लागला की कुरकुरतो, धूळ गेली की चुईं करतो.

"उंदीर शिरलाय त्यात," पहिली चुईं ऐकून आई म्हणाली होती.

तर टॉवेल गेला. मग टाल्कम पावडर गेली. मग पंखा गेला (धूळ उडते). मग कुकर लावताना स्वयंपाकघराचं दार बंद ठेवायचं ठरलं, तेव्हा आतून घामाघूम झालेली बायको बाहेर आली.

"मला एक सांग. हेडफोन खोलीत राहणार. आम्ही कुठे राहायचं?"

"अगं, थोडेच दिवस. एकदा केंद्र सुरू झालं की..."

केंद्र म्हणजे श्रवणकेंद्र. मी परत आलो तो काही नोकरी शोधायला नव्हे. आपली माणसं ऐकायलाच विसरली आहेत आणि त्यांना ते पुन्हा शिकवणं हे माझं काम आहे, अशी माझी पक्की खात्री होती. (अजूनही आहे. फक्त हल्ली घरात तो विषय काढायला बंदी आहे.) लोक येतील, हेडफोन लावतील, खरा आवाज म्हणजे काय ते त्यांना कळेल आणि समाज हळूहळू बदलेल.

"एका वेळी किती जण ऐकणार?" बायकोने विचारलं.

"एक."

"आणि बाकीचे?"

"बाकावर बसून वाट बघतील."

"म्हणजे दवाखाना."

केंद्राला कोरडी, बंदिस्त जागा हवी होती. तशी जागा एकच, सासरेबुवांच्या पाण्याच्या पंपांच्या दुकानाचा वरचा मजला. सासरेबुवांच्या मनात मात्र मला खालच्या मजल्यावर, काउंटरमागे बसवायचं होतं. शेवटी बायकोने मधे पडून तोडगा काढला. सासरेबुवांनी रविवारी येऊन ऐकायचं. पटलं तर वरचा मजला माझा. नाही पटलं तर एक तारखेपासून मी काउंटरवर, आणि पुन्हा समाजाचं नाव काढायचं नाही.

रविवारची तयारी म्हणून मी आईला धोक्याची सूचना दिली. "डब्याला आणि वायरीला हात लावायचा नाही. पाचशे व्होल्ट असतात."

"पाचशे? आणि हे डोक्याला लावायचं?"

"घरातल्या विजेच्या दुप्पट," मी अभिमानाने म्हणालो. "पण करंट नगण्य असतो गं." मग मी तिला कागदावर आकृती काढून व्होल्ट आणि करंट यांतला फरक समजावला. आई मान हलवत होती. (आई मान हलवते म्हणजे तिला पटलेलं असतं, असा माझा लहानपणापासूनचा समज आहे.)

रविवारी सासरेबुवा जिने चढून आले ते धापा टाकतच. त्यांना दम्याचा थोडा त्रास आहे. आईने पाणी नेऊन दिलं, खोलीत जरा घुटमळली आणि बाहेर गेली. मी सासरेबुवांना खुर्चीत बसवलं, शेजारी स्टूल ओढलं आणि बासरीची तबकडी लावली.

"आधी मी ऐकतो आणि कुठे लक्ष द्यायचं ते सांगतो," असं म्हणून मी हेडफोन चढवले आणि डोळे मिटले.

आवाज बारीक होता. मग आणखी बारीक झाला. माझ्या अंगावर काटा आला. अहाहा, काय हा संयम!

"ऐकताय ना बाबा, म्हणजे ऐकालच आता," मी डोळे मिटूनच सांगू लागलो. "खरा आवाज कधी ओरडत नाही. तो मागे मागे सरकतो आणि आपल्याला पुढे बोलावतो. आणि हा... हा बघा! वाजवणाऱ्याचा श्वास! छातीतली बारीक घरघरसुद्धा! साध्या हेडफोनमध्ये जन्मात ऐकू येणार नाही!"

मग मी ते सासरेबुवांच्या कानावर ठेवले. सासरेबुवांनी डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या गेल्या. खांदे सैल पडले. तबकडीची बाजू संपली, तरी ते हलेनात. पलंगावर बसून सगळं बघत असलेल्या बायकोकडे मी विजयी नजरेने पाहिलं.

"जावईबापू," शेवटी ते हेडफोन काढत म्हणाले, "काय सांगू! इतकं बरं किती वर्षांत वाटलं नव्हतं. वरचा मजला तुमचा. उद्याच किल्ली घेऊन जा."

माझे डोळे भरून आले. समाज बदलायला सुरुवात झाली होती!

"बघू, मला पण दे," म्हणून बायकोने हेडफोन लावले आणि मी तबकडी पुन्हा सुरू केली. तिने ते कानांवर दाबून पाहिले, काढून पुन्हा नीट बसवले.

"यात काही येत नाहीये."

"तुझा कान अजून तयार झाला नाही," मी प्रेमाने म्हणालो.

"कान तयार आहे. दिवा लागलेला नाही."

मी डब्याकडे पाहिलं. तांबडा दिवा खरोखरच विझलेला होता. बायकोने भिंतीकडे पाहिलं. तबकडीचं बटण चालू होतं, डब्याचं बंद होतं. मग आम्ही सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात आई उभी होती.

"मीच केलं बंद," आई म्हणाली. "मगाशी पाणी द्यायला आले तेव्हा. पाचशे व्होल्ट म्हणे! व्याह्यांच्या डोक्यावर? काही झालं असतं तर कुठल्या तोंडाने विहीणबाईंसमोर उभी राहिले असते?"

या हेडफोनांचं असं असतं, की वीज तोडली तरी पडद्यात उरलेल्या जोरावर ते थोडा वेळ क्षीण वाजत राहतात आणि मग गप्प होतात. हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. कुणाला त्यात रस नव्हता.

"म्हणजे मी काय ऐकलं?" सासरेबुवांनी विचारलं.

"काहीच नाही, बाबा," बायको म्हणाली.

"तरीच म्हटलं. आमच्या घरी हे असं कधी मिळत नाही." त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "पण जावईबापू, तुम्ही तर श्वास ऐकलात की. छातीतल्या घरघरीसकट."

मी हेडफोन उलटे करून पाहिले. या हेडफोनांना मागे नुसती जाळी असते, बाहेरचं सगळं आत येतं. आणि खोलीत घरघरणारी छाती एकच होती, माझ्या शेजारच्या खुर्चीतली.

"शेजारी तर मी होतो," सासरेबुवा सावकाश म्हणाले. त्यांच्या लक्षात आलं होतं. मला वाटलं आता संपलं. पण ते धंद्यातले गृहस्थ. "म्हणजे कान तिखट आहे हो तुमचा! दुरुस्तीला आलेल्या पंपाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस मी कधीपासून शोधतोय. वरच्या मजल्यावर दुरुस्तीच सुरू करू. एक तारखेपासून या."

अशा रीतीने वरचा मजला मला मिळाला.

पहिल्याच दिवशी पहिला पंप आला. मी त्यावर कान टेकवला, डोळे मिटले, गिऱ्हाइकाला हाताने शांत राहायला सांगितलं आणि बऱ्याच वेळाने निर्णय दिला, "बेअरिंग गेलंय. आतून बारीक घरघर येतेय."

"साहेब," गिऱ्हाईक म्हणालं, "तो अजून चालू कुठे केलाय?"

मी वळून पाहिलं. मागे, नुकतेच जिना चढून आलेले सासरेबुवा उभे होते.