आनंदीबाईंचा पुतळा जागा होतो

कीर्तनात झोपणाऱ्याला देव माफ करत नाही, असं आनंदीबाईंचं ठाम मत होतं. देवाला एवढ्यातेवढ्याकडे बघायला सवड नसेल म्हणून त्यांनी ते खातं स्वतःकडे घेतलं होतं. आडबंदरच्या रवळनाथाच्या देवळात उत्सवाचं कीर्तन सुरू झालं की पहिल्या रांगेत, खांबाला पाठ लावून आनंदीबाई बसत. गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर लांब दांड्याची काळी छत्री. पूर्वरंगात बुवांचं निरूपण रंगात आलं आणि मागे कुणाची मान कलली, की ती छत्री मागच्या मागे सरके आणि बरोबर बरगडीत रुते. शेजारच्या शर्मिलाने तर त्या छत्रीचे इतके ठोसे खाल्ले होते, की नुसतं आभाळ भरून आलं तरी तिचा हात कुशीवर जाई.

"निजाचा आसा तर घराक जा गो," आनंदीबाई कीर्तन संपल्यावर तिला बजावत.

"काकीनू, माझो वायच डोळो लागलो. कान उघडे होते."

"डोळो लागताना कानाक कुलूप घालूनच लागता. माझा बघ. इतकी वर्सां कीर्तनात बसतंय, एक अक्षर चुकवलेला नाय."

आता मंडळी, पहिल्या रांगेतल्या माणसाचं तोंड मागच्यांना दिसत नाही. ते फक्त बुवांना दिसतं. आणि खारेपाटणचे बुवा म्हणजे लोण्याहून मऊ माणूस. शेवटच्या दिवशी ते दरवर्षी तांडेलाचंच आख्यान लावत. भर वादळात एका अनोळखी म्हाताऱ्याला होडीत घेणाऱ्या गरीब तांडेलाची ती गोष्ट आडबंदरच्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. तरी झांजेचा पहिला ठोका पडला की अंगावर काटा यायचाच. त्या उत्तररंगात आनंदीबाईंची छत्री अगदी शांत असे. लोक म्हणत, आख्यानात काकी रंगून जातात.

नारळी पुनवेला सगळे समुद्राला एक नारळ देत. आनंदीबाई दोन देत.

"दुसरो कोणाक?" शर्मिलाने एकदा विचारलं होतं.

"होतो एक तांडेल. बिचारो," असं म्हणून आनंदीबाईंनी डोळ्यांना पदर लावला होता. त्यांच्या माहेरचा कुणीतरी बुडाला असेल, अशी शर्मिलाने समजूत करून घेतली.

तर अशा या आडबंदरला नगरपंचायतीने खाडीकाठी चालण्यासाठी झकास ट्रॅक बांधला आणि त्यावर पुतळे बसवायचं ठरवलं. उडी मारणारा डॉल्फिन झाला, रापणीचं जाळं ओढणारे झाले, गदा घेतलेला दशावतारी झाला. राहिला एक बाक. त्यावर 'कीर्तन ऐकणारी आजी' बसवायची, असं ठरलं तेव्हा गावात दुसऱ्या कुणाचं नावच निघालं नाही. कुडाळचा पुष्कर नावाचा तरुण शिल्पकार उत्सवात येऊन मोबाइलवर फोटो काढून गेला. आनंदीबाईंनी त्याला एकच अट घातली होती.

"माका हाक मारूची नाय, हल म्हणूचा नाय. कीर्तन माझ्या तोंडावर आपसूक दिसता. तां टिप."

त्याने ते टिपलं.

पुढच्या उत्सवाच्या तोंडावर पुतळा बसला. देवस्थान कमिटीनेही ठरवून टाकलं, की यंदा शेवटच्या दिवशी पूर्वरंग संपल्यावर बुवांना बुक्का लावून हार घालण्याचा मान आनंदीबाईंना. हा मान आजवर पुरुषांकडेच असायचा. आनंदीबाईंनी नवी इरकल काढली, हाराला सुरंगीची फुलं बागेतल्या कुठल्या झाडाची हेसुद्धा ठरवलं, आणि ट्रॅकवर अनावरणाला गेल्या.

कापड सरकलं.

बाकावर आनंदीबाई होत्या. तीच माळ, तीच छत्री, नाकातली मोरणीसुद्धा तीच. मान डाव्या खांद्यावर कललेली. डोळे गच्च मिटलेले. तोंड इतपत उघडं, की आत माशी जाऊन, फिरून, सुखरूप बाहेर यावी. काम एवढं हुबेहूब, की पुढच्या माणसाने घोरणं ऐकू येतंय का म्हणून कान पुढे केला.

 मग शर्मिला अगदी आदराने पुढे झाली.

"काकीनू, तुमची छत्री वायच दितास?"

अख्खा ट्रॅक हसला. डॉल्फिनही हसत होता, पण तो पहिल्यापासूनच तसा होता.

"समाधी ती," आनंदीबाई म्हणाल्या.

"समाधीत तोंड उघडा रवता?"

"भक्तिरसान."

त्या संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुतळ्याचे फोटो 'शुभ रात्री' लिहून फिरले. कमिटीचा निरोप आला, की हाराचं काय ते एकदा बसून बघूया. आडबंदरात 'बसून बघूया' म्हणजे नाही. आनंदीबाईंनी पुष्करला फोन लावला.

"बाबा रे, डोळे उघड त्याचे."

"आजी, तुमच्या चेहऱ्यावर इतकी शांतता होती ना, तीच तर मी पकडलीय. तेच त्या शिल्पाचं सौंदर्य आहे."

"सौंदर्य ऱ्हवांदे. माका जाग होयी."

तो गोड बोलत राहिला. त्याने एक पापणीही हलवली नाही. मग आनंदीबाईंनी गावातलाच माणूस धरला. लवू मेस्त्रीची गणपतीची शाळा होती. पंचक्रोशीतले गणपती तो घडवायचा, आणि डोळे आखावे तर त्यानेच.

"काकीनू, हात बसलेलो आसा," लवू डोकं खाजवत म्हणाला. "माका गणपतीचेच डोळे येतत."

"डोळे ते डोळे. उघडे झाले म्हणजे झाला."

वेळ दुपारची ठरली. जेवणं उरकली की आडबंदर असं झोपतं, की भर बाजारातून कुणी हत्ती नेला तरी तो चहाच्या वेळेलाच उघडकीला यावा. ऊन डोक्यावर घेऊन लवू ट्रॅकवर गेला. मिटल्या पापण्यांवर त्याने पांढरा हात दिला, वर दोन विशाल, काळेभोर, कृपाळू डोळे आखले. आता लवूचं असं, की डोळे आखायचे तर आंघोळ करून, उपाशीपोटी, तोंडातून शब्द न काढता. आणि डोळे उघडले की मूर्तीला जास्वंद वाहून नारळ ठेवायचा, हात जोडायचे. त्याच्या वाडवडिलांपासूनची ही रीत. हाताने ती आपोआप केली. पुतळा कुणाचा हे हाताला कोण सांगणार?

नेमका त्याच वेळी सुदेश खाडीवरून येत होता. कित्येक दिवस त्याच्या होडीला मासळी लागत नव्हती, म्हणून त्याला दुपारचीही झोप नव्हती. लवू मेस्त्रीसारखा सोवळा माणूस बाकासमोर डोळे मिटून उभा; बाकावर कालपर्यंत झोपलेली मूर्ती डोळे उघडून थेट सुदेशकडे बघतेय. सुदेशने चपला काढल्या.

दुसऱ्या दिवशी त्याला होडीभर बांगडा लागला.

मग काय विचारता. सकाळी चालायला येणारे बाकापाशी चपला काढू लागले. आधी फुलं आली, मग उदबत्त्या, मग हिरवी पातळं. नगरपंचायतीच्या माणसाने 'पुतळ्यास हात लावू नये' अशी पाटी आणली, पण ती लावण्याआधी त्यानेही नारळ ठेवला. आनंदीबाईंना पहिल्या दिवशी बरं वाटलं. निदान जागं तरी मानतात. दुसऱ्या दिवशी बाजारात भाजीवाली पाया पडली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी दारात येऊन विचारलं, मुलाला दुबईचा व्हिसा कधी मिळेल. शर्मिलासुद्धा कुंपणावरून बोलताना हात जोडू लागली. थट्टेने की खरंच, ते कळेना, आणि तेच जास्त त्रासाचं होतं. कमिटीपुढे तर मोठाच पेच. देवीने बुवांना हार घालायचा, की बुवांनी देवीला?

उत्सवाच्या शेवटच्या दिवशी सकाळी शर्मिला धापा टाकत आली.

"काकीनू, ट्रॅकार चला. सुदेश तुमका कोंबो दिता."

"माका? मी माळकरी. माका कोंबो कित्याक?"

"खावक नाय गो बाये. तुमच्यासमोर कापूक."

आनंदीबाई अनवाणीच धावल्या. बाकाच्या पायाला तांबडा तुऱ्याचा कोंबडा बांधलेला. गर्दी जमलेली. सुदेशने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली होती.

"बा देवी म्हाराजा, आज जो काय ह्यो तुझो लेकरू तुझ्या पायाशी इलो आसा..."

"होय म्हाराजा," गर्दी म्हणाली.

"तेची जाळी अशीच भरलेली ठेव..."

"होय म्हाराजा."

"आणि ह्यो जो कोंबो तुका दितंय..."

"नको म्हाराजा," मागून आनंदीबाई म्हणाल्या.

सगळे वळले. आनंदीबाईंनी पुतळ्याकडे पाहिलं, कोंबड्याकडे पाहिलं. नवी इरकल, सुरंगीचा हार, देवळातली पहिली रांग, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. कोंबडाही त्यांच्याकडेच बघत होता. त्याने मान डाव्या खांद्यावर कलवली.

"देवी नाय ती," त्या म्हणाल्या. "ती मी. कीर्तनात निजलेली. डोळे मी लवूकडसून आखून घेतलंय, लाज वाटली म्हणान."

आयुष्यात पहिल्यांदाच एवढं कबूल केलेलं. आणि गर्दीने काय करावं? गर्दीने हात जोडले.

"बघलात?" सुदेश गहिवरून म्हणाला. "देवी कधी मी देवी म्हणान सांगता? परीक्षा बघता ती."

"अरे मेल्या, खरोखर निजतंय मी."

"तुमीच सांगत होतास, एक अक्षर चुकवलेला नाय."

 शेवटी तोडगा शर्मिलाने काढला. देवी काही झोपत नाही. आज संध्याकाळी कीर्तन आहे. काकी झोपल्या तर माणूस, कोंबडा सुटला. जाग्या राहिल्या तर देवी. सगळ्यांना पटलं. कोंबडा देवळापुढच्या दीपमाळेला नेऊन बांधला. हार कुणी कुणाला घालायचा, याचा निकालही त्यावरच ठेवला.

आनंदीबाईंनी तयारीत कसूर ठेवली नाही. दुपारी मुद्दाम झोपल्या नाहीत. चहा वर्ज्य केला. ताटात भाताचा डोंगर आणि वर ताकाची कढी घेतली. इतकी कढी, की एरवी त्या देवळाच्या पायरीवरच आडव्या झाल्या असत्या. संध्याकाळी देवळात जाऊन खांबाला टेकल्या, छत्री शर्मिलाकडे देऊन टाकली आणि डोळे मिटले.

झोप येईना.

सगळं देऊळ पुढे येऊन, बुवांकडे पाठ करून त्यांच्याकडे बघत होतं. पूर्वरंग झाला. डोळे मिटलेले, पण आत लख्ख जाग. सुरंगीचा हार तबकात तसाच राहिला. पेटीने सूर धरला, झांज वाजली, आणि बुवांनी उत्तररंगात तांडेलाची होडी वादळात लोटली. हळूहळू लोकही तिकडे वळले. बुवांचा आवाज लागला की दुसरीकडे बघवतच नाही. आनंदीबाईंचे डोळे कधी उघडले ते त्यांनाही कळलं नाही. होडीत पाणी भरलं. म्हातारा थरथर कापत होता. हाताशी फळी एकच. "आजोबा, भिया नको," असं म्हणत तांडेलाने ती म्हाताऱ्याला दिली आणि स्वतः लाटेखाली गेला.

इथपर्यंत आनंदीबाईंना माहीत होतं. पदर त्यांनी सवयीने डोळ्यांना लावलाही. पण बुवा थांबले नाहीत.

"आणि खाली जाणाऱ्या त्या हाताला, मंडळी, कुणीतरी वरून धरलं. पाहतो तर म्हातारा पाण्यावर उभा. धोतराची किनारसुद्धा भिजलेली नाही..."

"म्हणजे," आनंदीबाई उभ्या राहिल्या होत्या, "तांडेल मेलो नाय?"

झांज थांबली. पेटीवाल्याचा भाता हवेतच राहिला. बुवांनी उपरणं सावरलं.

"काकी," ते फार हळुवार म्हणाले, "गेली कित्येक वर्षं मी त्याला वाचवतोय."

"माका कोणी सांगूक नाय."

"मी सांगत होतो. दरवर्षी. तुमच्याकडेच बघून."

मागून शर्मिलाचा आवाज आला. "काकीनू, म्हणजे पुनवेचो तो दुसरो नारळ..."

"त्याकाच," आनंदीबाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

त्यानंतर देवळात जो हशा झाला, त्याने दीपमाळेवरची पाखरं उडाली. सुदेश डोळे पुसत बाहेर गेला आणि त्याने कोंबड्याची दोरी सोडली. जाग्या राहूनसुद्धा त्या झोपाळू असल्याचं असं पक्कं झालं, आणि याहून मोठा पुरावा गावाला नको होता. पुतळ्याचे डोळे पुसायला पुष्करला बोलवायचं, हेही बसल्या जागी ठरलं. कमिटीचे लोक हाराकडे बघत एकमेकांशी कुजबुजू लागले, तेव्हा बुवांनी स्वतःच मान पुढे केली.

"हार काकीच घालतील. एवढ्या वर्षांत या आख्यानाचा शेवट पहिल्यांदा ऐकणारं माणूस मला आज भेटलं."

आनंदीबाईंनी बुक्का लावला, हार घातला.  तांडेल जिवंत होता. पुनवेचा एक नारळ वाचणार होता, पण तो समुद्रालाच द्यायचा, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. आनंदाने द्यायचा. मग खांबाला टेकून त्यांनी भैरवी ऐकायला घेतली.

आरतीला अख्खं देऊळ उभं राहिलं. एक खांब सोडून. तिथे आनंदीबाईंची मान डाव्या खांद्यावर कलली होती आणि तोंड इतपत उघडं होतं.

शर्मिलाच्या हातात छत्री होती. इतक्या वर्षांची वाट बघितलेली संधी. तिने नेम धरला, बरगडीपर्यंत टोक नेलं, आणि छत्री खाली घेतली.

"मार की गो," शेजारचीने कोपराने ढोसलं.

"नको गो बाये, निजांदे," शर्मिला म्हणाली. "जागी झाली तर सुदेश परत कोंबो धरूक धावात."