दारूबंदीतले वाइनतज्ज्ञ

श्रीकृष्णराव दिघ्यांनी कोकम सरबताचा ग्लास ट्यूबलाइटपुढे धरला, तिरपा केला, दोनदा गोल फिरवला आणि त्यात नाक घालून डोळे मिटले. समोरच्या ताटात भरली वांगी निवत होती.

"रेड चांगली आहे," ते म्हणाले, "पण बुजरी आहे. भरल्या वांग्यापुढे हिचं काही चालायचं नाही."

"सरबत आहे ते," निरुपमाबाई म्हणाल्या. "प्या आणि ग्लास इकडे द्या, भांडी घासायची खोळंबलीयत."

आमच्या वासणा रोडवरच्या सोसायटीत हे आता रोजचं झालं होतं. कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेली माणसं योगासनं शिकतात, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी होतात. श्रीकृष्णराव मुलाकडे नाशिकला गेले, त्यानं त्यांना एका द्राक्षमळ्यात वाइन चाखायला नेलं, आणि परत आले ते एकदम तज्ज्ञ होऊनच. आता बडोद्यात दारूबंदी. म्हणजे ज्ञान आहे, पण माल नाही. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. श्रीकृष्णरावांनी लहरीपुऱ्याच्या बाजारातून उंच दांड्याचे ग्लास आणले आणि कोकम म्हणजे रेड, लिंबू सरबत म्हणजे व्हाइट, असं धरून अभ्यास चालू ठेवला. सेव-उसळीला रेड, हांडव्याला व्हाइट आणि श्रीखंडाला दोन्ही नको, कारण श्रीखंड कुणाचंच ऐकत नाही, असे त्यांचे निष्कर्षही निघू लागले.

हसू नका. आम्ही सोसायटीतली मराठी मंडळी दर रविवारी त्यांच्याकडे जमून तेच सरबत नाकाशी धरत होतो. पहिल्या मजल्यावरच्या दीप्तीला त्यात ओल्या मातीचा वास आला. मला एकदा खजुराचा आला, आणि तो मी चारचौघांत सांगितलासुद्धा.

अशात नाशिकला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाचा, सोहमचा फोन आला. पूर्णिमा बोरस्ते नावाची मुलगी त्याला आवडली होती, तिलाही तो आवडला होता, आणि तिचे वडील मुलीला घेऊन घर बघायला येणार होते. वडिलांना घर पसंत पडलं नाही तर ती पुढे पाऊल टाकणार नाही, असं तिनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. सोहम अगदी रडकुंडीला आला होता. वडील काय करतात, असं निरुपमाबाईंनी विचारलं, तेव्हा कळलं की दिंडोरीकडे त्यांच्या द्राक्षबागा आहेत आणि स्वतःची छोटी वायनरी आहे. श्रीकृष्णरावांनी पुढचं काही ऐकलंच नाही.

निरुपमाबाईंनी परोपरीनं बजावलं की त्या दिवशी वाइनचं नाव काढू नका, पावसापाण्याचं बोला, मुलीशी दोन शब्द बोला. श्रीकृष्णरावांना बायकोच्या भोळेपणाची कीव आली. "अगं, त्यांचा धंदाच तो," ते म्हणाले. "लग्न मी जुळवलं, असं तूच सांगत फिरशील."

ठरल्या दिवशी बोरस्ते दुपारी जेवायला आले. पांढरा शर्ट, करड्या मिशा आणि फारच कमी बोलणं. पूर्णिमा मोकळी, हसरी. तिनं आल्या आल्या निरुपमाबाईंच्या हातातलं तबक घेतलं आणि त्यांना ती तिथल्या तिथे आवडली. सोहम आदल्या दिवशीच येऊन दाखल झाला होता आणि सकाळपासून तिसऱ्यांदा भांग पाडत होता.

पानं वाढून झाली आणि श्रीकृष्णरावांनी सूत्रं हातात घेतली. आळूवड्यांबरोबर व्हाइट कशी, ती थंड हवी, पण दात शिवशिवतील इतकी नको, हे त्यांनी सांगितलं. मग भरीत आलं. "भरिताबरोबर रेड," ते म्हणाले, "पण भरीत तिखट असेल तर घाई करायची नाही. आधी भाकरीचा एक तुकडा, मग घोट, मग जरा गप्प बसायचं." बोरस्ते 'हं' म्हणाले. श्रीकृष्णरावांना वाटलं, माणूस भारावला. सोहमनं टेबलाखालून बापाला लाथ मारली. ती पूर्णिमाला लागली. तिनं बिचारीनं मुकाट्यानं पाय मागे घेतला.

"नेम आहे आमचा," श्रीकृष्णराव रंगात आले. "रोज जेवताना. दोन वर्षांत एक दिवस खाडा नाही. आणि रविवारी तर सगळी सोसायटी जमते."

बोरस्त्यांनी वाटी खाली ठेवली आणि हात आवरता घेतला.

"दिघेसाहेब, स्पष्ट बोलतो, राग मानू नका," ते म्हणाले. "माझ्या थोरल्या बहिणीला अशाच शिकल्यासवरल्या घरात दिली होती. सासरा रोज जेवताना घ्यायचा. मग सकाळी घ्यायला लागला. मग तिचा नवराही. पुढचं सांगत नाही. पोरीला पिणाऱ्याच्या घरात द्यायची नाही, हे मी तेव्हाच ठरवलंय."

टेबलावर कुणी घास उचलेना. पूर्णिमाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पण तुमची तर वायनरी आहे," श्रीकृष्णराव कसेबसे म्हणाले.

"आहे ना. बनवतो, विकतो. जिभेला थेंब लावलेला नाही. हलवाई काय रोज पेढे खातो?"

आपण पीत नाही, ते नुसतं सरबत असतं, असं श्रीकृष्णरावांनी शपथेवर सांगितलं. बोरस्ते समजूतदारपणे हसले, आणि ते हसणं फार वाईट होतं. पिणारा माणूस कधी 'मी पितो' म्हणत नाही, असं ते म्हणाले. बडोद्यात दारूबंदी आहे हो, श्रीकृष्णराव काकुळतीला येऊन म्हणाले.

"तेच तर विचारतोय," बोरस्ते म्हणाले. "बंदीच्या गावात एवढं ज्ञान आलं कुठून?"

आयुष्यात पहिल्यांदा धंद्यातल्या माणसानं श्रीकृष्णरावांना खरोखरचा जाणकार मानलं होतं, आणि त्यापायी पोराचं लग्न मोडत होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. निरुपमाबाईंनी नजरेनंच विचारलं, सांगू का? त्यांनी मान खाली घालून हो म्हटलं.

"यांनी जन्मात एकदाच घेतलीय," निरुपमाबाई म्हणाल्या. "नाशिकला. तीन घोट. दुसऱ्या घोटाला यांनी तिथल्या माणसाच्या गळ्यात पडून 'दादा' म्हटलं. तिसऱ्याला रडायला लागले, की रिफायनरीनं मला निरोपसमारंभात नारळ दिला तो नासका निघाला. मग मळ्यातच आडवे झाले. मी आणि सोहमनं उचलून गाडीत घातलं. परतीच्या वाटेवर सापुतारा आला तरी हे मला 'ताई' म्हणत होते. घरी आल्यावर मऊ भातावर होते. कुणाला सांगायचं नाही म्हणून माझ्याकडून देवापुढे शपथ घेतलीय. आज पोरासाठी मोडली."

मग त्यांनी फ्रिजमधली बाटली आणून बोरस्त्यांच्या पुढ्यात ठेवली. बोरस्त्यांनी वास घेतला, थोडं वाटीत ओतून प्यायले. कोकमच होतं, वर जिरंही होतं.

"तीन घोटांत?" त्यांनी विचारलं.

"तिसरा अर्धाच," श्रीकृष्णराव जमिनीकडे बघत म्हणाले.

"आणि चव कशी लागली होती? खरं सांगा."

"खरं सांगू? औषधासारखी. वास ओल्या गोणपाटाचा."

बोरस्त्यांच्या मिशा हलल्या. मग खांदे हलले. मग ते असे हसले की पूर्णिमानं त्यांना पाणी दिलं. पंधरा वर्षं पिंपांपाशी उभा राहतो, मलाही तोच वास येतो, पण धंद्यात बोलायची चोरी, असं त्यांनी डोळे पुसत सांगितलं. मग भरीत पुन्हा मागून घेतलं, पोट भरून जेवले आणि जाताना सोहमच्या हातावर नारळ ठेवला. श्रीकृष्णरावांनी तो आधी कानाशी हलवून पाहिला, तेव्हा निरुपमाबाईंनी त्यांना चिमटा काढला.

लग्न दिंडोरीला झालं, छान झालं. निघताना बोरस्त्यांनी व्याह्यांना बाजूला घेतलं. बाटलीवर काय लिहायचं, हे त्यांचं जुनं दुखणं होतं. शहरातली माणसं येऊन इंग्रजीत काहीबाही लिहून देत, ते ना त्यांना कळे ना गिऱ्हाइकाला. "तुम्ही त्या दिवशी भरिताचं बोललात ना, ते मला कळलं होतं," ते म्हणाले. "तेवढं छापू का?"

आणि त्यांनी खरंच छापलं. सोहमनं बाटलीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. "भरीत तिखट असेल तर घाई करू नये. आधी भाकरी, मग घोट, मग जरा गप्प बसावे. — श्रीकृष्ण दिघे, वाइनचे जाणकार, बडोदे." ती बाटली बडोद्यात आणायची सोय नव्हती, म्हणून आम्ही सगळे फोटोच मोठा करकरून बघत राहिलो.

त्या रविवारी आम्ही हार घेऊन त्यांच्याकडे गेलो. श्रीकृष्णराव उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, की मला वाइनमधलं काही म्हणजे काहीही कळत नाही, कधीच कळत नव्हतं, हे तुम्ही एकदा समजून घ्या. माणूस अगदी मनापासून बोलत होता.

मग दीप्ती माझ्या कानाशी लागली आणि म्हणाली, "बघा, एवढा मोठा माणूस, पण गर्व नावाला नाही."

मीही मान डोलावली आणि हार त्यांच्या गळ्यात घातला.