रिकाम्या जागा आणि मारबत

गांधीबागेमागच्या एका गल्लीत, बारा मेच्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, निवृत्त पोस्टमास्तर प्रेमानंद गजभिये यांचा उजवा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत गटाराच्या चेंबरमध्ये गेला. चेंबरचा व्यास साठ सेंटिमीटर. झाकण चौदा महिन्यांपासून नव्हतं. या काळात त्यांच्या मुलीने, दीक्षाने, नऊ ऑनलाइन तक्रारी केल्या होत्या आणि नऊच्या नऊ वेळा चोवीस तासांच्या आत उत्तर आलं होतं : ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. कृपया आमच्या सेवेस पाच तारे द्यावेत.’

“बाबा, तुम्ही त्या बाजूनं गेलेच काहून?” दवाखान्यात दीक्षाने विचारलं.

“मी रोज वळसा घालूनच जातो वं. आज वळशावर कोणाची तरी कार उभी होती.”

डॉक्टरांनी सांगितलं की हाड जुळेल, पण अजून एकदा पडले तर चालणं विसरा. घरातून रस्त्याला लागायचं तर चेंबर मधे येणारच. म्हणून दीक्षाने दहावी तक्रार गाण्यात केली.

ती ‘सत्तेचाळीस अंश’ या रॉक बँडची गायिका; गिटारही तीच वाजवायची. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचे पुतळे मिरवत नेऊन जाळतात आणि जाता जाता शहराची पीडाही त्यांच्यासोबत रवाना करतात : खोकला घेऊन जा गे मारबत, रोगराई घेऊन जा गे मारबत. या आरोळीवर दीक्षाने सहा कडवी लिहिली. खड्डे, पाण्याचे टँकर, डीजे, कोचिंग क्लासचे फलक, अडकलेल्या फायली आणि सहाव्या कडव्यात गल्लीच्या पत्त्यासकट ते चेंबर. लांबी तीन मिनिटं चाळीस सेकंद. नेटवर टाकल्यावर पहिल्या आठवड्यात दोनशे चौदा जणांनी ते ऐकलं. त्यांपैकी एक जण मारबत महोत्सवाच्या समितीत होता आणि त्याने बँडला सरकारी मंचावर बोलावलं.

“पहिल्या रांगेत सगळे विभागप्रमुख बसतात,” दीक्षा म्हणाली. “ऑनलाइन तक्रार त्यांना बंद करता येते. गाणं कसं बंद करतील?”

“कान बंद करता येते ना,” जितेंद्र म्हणाला. तो काटोलच्या संत्रा व्यापाऱ्याचा मुलगा आणि बँडचा ड्रमर. बंद पेटीत माल कसा सडतो याचा त्याला अनुभव होता.

कार्यक्रम परवानगी कक्षाच्या शामला मॅडमनी गाणं दोनदा वाचलं. ऐकलं नाही, ऐकण्यासाठी वेगळा अर्ज लागत होता.

“गाणं छानच आहे,” त्या म्हणाल्या. “फक्त यात ज्यांचा उल्लेख आहे, त्यांची ना-हरकत आणा.”

“मॅडम, ज्याच्यावर टीका केली त्याचीच परवानगी?”

“मग काय ज्याच्यावर केली नाही त्याची आणाल? त्याचा काय संबंध?”

दीक्षा आणि जितेंद्र अकरा दिवस फिरले. रस्ते विभागाने खड्ड्यांचं कडवं वगळलं आणि टँकरच्या कडव्याची मनापासून स्तुती केली. पाणी विभागाने टँकर वगळला आणि खड्ड्यांचं कडवं का काढलं म्हणून हळहळ व्यक्त केली. डीजे संघटनेने गाणं लग्नात वाजवायला मागितलं, डीजेचं कडवं सोडून. कोचिंग क्लासच्या संचालकांनी प्रायोजक व्हायची तयारी दाखवली; अट एवढीच की फलक शेजारच्या क्लासचे आहेत असं स्पष्ट व्हावं. शेजारच्या क्लासचीही तीच अट निघाली आणि कडवं गेलं. फायलींच्या कडव्याची फाईल अडकली.

राहिलं चेंबर. मलनिःसारण विभागाच्या अभियंत्यांनी रजिस्टर उघडलं.

“हे बघा. नऊ तक्रारी, नऊ निराकरणं. रेकॉर्डनुसार या चेंबरवर झाकण आहे. एक नाही, नऊ आहेत.”

“साहेब, माझ्या बापाचा पाय त्या नऊ झाकणांतून आत गेला काय?”

“ते मला माहीत नाही. पण जे चेंबर उघडंच नाही, त्याच्याबद्दल मी हरकत घेऊ शकत नाही आणि ना-हरकतही देऊ शकत नाही. उद्या तुम्ही ते गायलात तर ती अफवा होईल.”

सहावं कडवं अफवा म्हणून वगळण्यात आलं. आता गाण्यात ‘घेऊन जा गे मारबत’ एवढंच उरलं होतं, सहा वेळा, आणि प्रत्येकाआधी चार सेकंदांची रिकामी जागा. शामला मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी नियम शोधून काढला : रिकाम्या जागा भरण्यासाठी जनतेकडून पंधरा दिवस सूचना मागवता येतात. ज्या पीडेला जास्त मतं, ती गाण्यात.

दीक्षा खुश झाली. गल्लीत चौऱ्याऐंशी घरं होती. ती प्रत्येक घरी फॉर्म घेऊन गेली.

“लिहितो ना वं पोरी,” यमुताई म्हणाल्या. “तुझ्या बाबाले पाहून जीव तुटते माहा.”

नत्थूजींनी तर पेन तिथंच काढला. “आमच्या नातवाची सायकल गेली होती त्याच्यात. तू काळजी नको करू.”

मुदत संपल्यावर फॉर्म मोजले गेले. दीक्षाच्या गल्लीतून चौऱ्याऐंशी आले होते, शंभर टक्के प्रतिसाद. पैकी सदतीस जणांनी मारबतीला वरच्या मजल्यावरचा भाडेकरू न्यायला सांगितला होता. बावीस जणांनी समोरच्याची कार, चौदा जणांनी शेजाऱ्याचा पाण्याचा पंप. दहा जणांनी ‘गिटार वाजवणारी मुलगी’ असं लिहिलं होतं. यमुताईंनी त्यात कंसात घरक्रमांकही दिला होता. चेंबर लिहिणारा फॉर्म एक होता, पोस्टमास्तरांच्या सुवाच्य अक्षरातला.

शहरभर हेच झालं होतं. नावानिशी माणसं गाण्यात घेता येत नाहीत, म्हणून समितीने रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवायचं ठरवलं. तिथं प्रत्येक नागरिकाने आपापली पीडा स्वतः ओरडावी.

गाणं तुफान चाललं. पहिल्या चार सेकंदांत सहा हजार माणसं एकदम ओरडली. पहिल्या रांगेतले अभियंतेही उभे राहून ओरडत होते. कोण काय म्हणतंय ते कोणालाच कळलं नाही, त्यामुळे कोणाचीच हरकत नव्हती. सहाव्या जागेत दीक्षाने माइकजवळ तोंड नेऊन, गल्लीच्या पत्त्यासकट, चेंबर म्हटलं.

मंचावरून उतरताना जितेंद्रने विचारलं, “शेवटी तू काय म्हटलं वं? मले ऐकूच नाही आलं, मी बी ओरडून राहिलो होतो.”

“तू काय ओरडला?”

तो दुसरीकडे पाहू लागला.

गाणं आता अकरा लाख वेळा ऐकलं गेलं आहे. ‘प्रत्येकाच्या मनातलं गाणं’ असं त्याचं कौतुक होतं आणि ते खरंच आहे. प्रेमानंद गजभिये घरीच असतात. एखाद्या वाचकाला वाटत असेल की आपण त्या गर्दीत नव्हतो, तर त्याने एवढंच करावं : डोळे मिटून चार सेकंद मोजावेत आणि ‘घेऊन जा गे मारबत’च्या आधी मनात काय आलं ते बघावं. ते चेंबर नव्हतं.