इंगळे मॅडमचं ग्राफिक्स कार्ड

आमच्या नांदुऱ्यात इंगळे मॅडमना जेवायला बोलवण्याआधी माणूस दोनदा विचार करतो, कारण मॅडम जेवणाला गुण देतात. मागे एका लग्नात मुलीच्या वडिलांनी पंगतीत हात जोडून, जेवण कसं झालं, असं विचारलं. विचारायची रीत असते म्हणून विचारलं. मॅडमनी पाणी पिऊन, तोंड पुसून सांगितलं, "वीसपैकी तेरा." वर सात कुठे गेले तेही सांगितलं. वरणात मीठ उशिरा पडलं त्याचे दोन, वाढपी पळत होते त्याचे तीन, आणि उरलेले दोन जेवण सुरू असताना माइकवरून झालेल्या भाषणाचे.

मोतीबिंदू काढणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी डोळ्यावर पट्टी असतानाच दहापैकी आठ दिले आणि दोन गुण पट्टी निघेपर्यंत राखून ठेवले. डॉक्टर मोठे नावाजलेले, पण पट्टी सोडायच्या दिवशी ते दोनदा हात धुऊन आले, असं तिथल्या नर्सबाई सांगतात.

मॅडमचं नाव सिंधू इंगळे. चौतीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं. लग्न केलं नाही. रेल्वे फाटकाजवळ दोन खोल्यांत एकट्या राहतात. विद्यार्थ्यांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, हजेरीचे नंबर राहतात. मी एकोणतीस. स्टेशन रोडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, मला दोन मुलं आहेत, कानाजवळचे केस पांढरे झालेत, तरी भर बाजारात "एकोणतीस, थांब" अशी हाक आली की मी हातातली पिशवी सांभाळत थांबतो. आणि काहीही विचारलं, अगदी पोस्टात जायचा रस्ता विचारला, तरी मॅडमचं ठरलेलं असतं, "उत्तर नको, पायऱ्या सांग."

ज्या वर्षी अळी लागत नाही म्हणून घेतलेलं बीटी बियाणं असूनही कपाशीच्या बोंडाबोंडात गुलाबी अळी निघाली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. गावातला बाजार थंडच होता. कापूस गेला की आमच्याकडे सगळंच जातं. लोक फुटक्या काचेचा मोबाइल तसाच वापरतात, मुलांचा कॉम्प्युटर कपड्याखाली झाकून ठेवतात. मी दुकानात बसून जुने कीबोर्ड उगाच पुसत होतो. अशा एका सकाळी मॅडम रिक्षातून उतरल्या. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. टेबलावर ठेवलं तेव्हा टेबल हललं.

तो गेम खेळायचा लॅपटॉप होता. जुना, जाड, पाट्यासारखा. पुण्याला नोकरी करणाऱ्या भाच्यानं नवा घेतला आणि हा आत्याकडे टाकून दिला. मॅडमना त्यावर ट्रक चालवायचा गेम खेळायचा होता. गेम त्यांनी टाकलाही होता, वर आपल्याकडचे रस्ते, आपल्याकडचे रंगवलेले ट्रक दाखवणारी एक जास्तीची भरही कुठूनशी मिळवून घातली होती. पण गाडी जरा घाटाला लागली की पडद्यावर हिरव्या रेघा यायच्या आणि सगळं अटकून बसायचं. मॅडमचं निदान तयार होतं: ग्राफिक्स कार्ड दमलंय, ते बदलायचं, आणि बदलतोच आहोत तर जरा ताकदीचं टाकायचं.

एकसष्ट वर्षांच्या गणिताच्या बाई ट्रकचा गेम खेळणार, हे ऐकून मला हसू आलं. ते मी आवरलं आणि धंद्यातलं उत्तर दिलं, की मॅडम, लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलता येत नाही, ते आतल्या बोर्डाला कायमचं जोडलेलं असतं.

"खोलून पाह्यला का तू?"

मी नाही म्हणालो.

"मी पाह्यला."

पिशवीतून चौकडीची वही निघाली. पहिल्या पानावर लॅपटॉपच्या पोटाची आकृती, मोजून काढलेली. पंख्याला 'अ', तांब्याच्या नळीला 'ब', आणि 'क' या नावाची एक वेगळी पट्टी, चार स्क्रूंनी बसवलेली. तेच ग्राफिक्स कार्ड. जुन्या काही लॅपटॉपांत ते खरोखरच सुटं असायचं. मी अशा गोष्टी ऐकल्या होत्या, पण सोळा वर्षांच्या धंद्यात माझ्या दुकानात असा लॅपटॉप कधी आला नव्हता. मॅडमनी तो घरी, जमिनीवर बसून उघडला होता. स्क्रू मिसळू नयेत म्हणून मसाल्याचा डबा रिकामा करून त्याच्या सात वाट्यांत सात तऱ्हेचे स्क्रू ठेवले होते. आठवडाभर त्या घरात फोडणी पडली नाही.

मला त्या दिवशी शून्य मिळालं. पण मला कामावर ठेवून घेतलं.

त्याच बनावटीचं, पण जास्त ताकदीचं कार्ड शोधायला पंधरा दिवस गेले. एका मोठ्या शहरातला जुन्या मालाचा विक्रेता सापडला. त्याला मॅडमनी फोनवर अशा पायऱ्या विचारल्या, की शेवटी तो त्यांना ताई म्हणायला लागला. पार्सल आलं. कार्ड जागेवर बसलं, चारही भोकं जुळली. मी म्हटलं झालं. मॅडमनी टॉर्च धरून बाजूनं आत पाहिलं आणि नाही म्हणाल्या.

त्यांचं बरोबर होतं. कार्डावरची मुख्य चिप तापते, आणि तिचा ताप तांब्याच्या नळीनं पंख्याकडे जातो. नव्या कार्डाची चिप जुन्यापेक्षा बुटकी होती. नळी आणि चिप यांच्यात नखाच्या जाडीएवढी फट राहत होती. तसंच चालू केलं असतं तर पाच मिनिटांत कार्ड गेलं असतं.

मग मॅडम शाळेत गेल्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण प्रयोगशाळेच्या शिपायाची त्यांना नाही म्हणायची हिंमत नव्हती. त्या बारीक जाडी मोजायचं वर्नियर घेऊन आल्या. चिपवर प्लास्टिकचा कागद, त्यावर मेणाची बारीक गोळी, वरून नळी दाबली, पुन्हा उचलली, आणि चपटं झालेलं मेण वर्नियरमध्ये धरून मोजलं. तीनदा मोजलं, सरासरी काढली. त्या जाडीचा तांब्याचा तुकडा हवा होता.

फुटकी भांडी डाग लावून सांधणारे हनीफचाचा बाजारात बसतात. त्यांच्याकडे पाणी तापवायचा एक जुना, फुटका तांब्याचा बंब पडलेला होता. मॅडमनी वहीतली जाडी दाखवली. चाचांनी चष्मा वर करून वही पाहिली, मग मॅडमकडे पाहिलं. एवढंसं तांबं कशाला पाहिजे, असं त्यांनी विचारलं. लॅपटॉपच्या छातीत बसवायचं आहे, असं मॅडम म्हणाल्या. चाचांनी पुढे काही विचारलं नाही. बंबाचा चांगला भाग पाहून नखाएवढा तुकडा कापला, ठोकून सपाट केला, आणि काचेवर पॉलिश पेपर ठेवून मॅडम स्वतः तो घासत बसल्या. दर दहा घासण्यांनंतर वर्नियर. त्यांची बोटं काळी झाली, मनगट सुजलं. मी घासू का म्हणालो तर म्हणाल्या, तुझा दाब एकसारखा नाही, तुझी अक्षरंही अशीच होती.

तुकडा बसला. दोन्ही बाजूंना ताप वाहून नेणारी पांढरी पेस्ट लावली, स्क्रू आवळले, बटण दाबलं. पडदा काळा राहिला आणि आतून तीनदा बीप वाजलं. मी खुर्चीत मागं टेकलो. आजारी मुलाकडे वाकतात तशा मॅडम लॅपटॉपकडे वाकल्या आणि काय म्हणून राह्यला तो, असं मला विचारलं. मी कार्ड पुन्हा काढून नीट खोचलं. दुसऱ्यांदा पडदा लागला, पण लॅपटॉप कार्डाला ओळखेना. कंपनीच्या यादीत ते नावच नव्हतं. ते नाव हातानं फाइलमध्ये घालायचं काम माझं. ते मी केलं आणि मॅडमनी माझी प्रत्येक ओळ तपासली. एका ठिकाणी स्वल्पविराम राहिला होता. तो त्यांनीच काढून दिला.

आणि ट्रक घाट चढला. एकही रेघ आली नाही. रस्त्याकडेची बाभळीची पानं हलताना दिसत होती.

मॅडम मात्र खूश झाल्या नाहीत. त्यांनी मला कूलर बंद करायला लावला. मे महिन्यातलं नांदुरा, दुपारचे बारा, वर टिनाचं छप्पर. त्या स्थितीत चार वाजेपर्यंत ट्रक चालवून पाहायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. मी घामानं निथळत होतो. मॅडम दर अर्ध्या तासानं चिपचं तापमान वहीत लिहीत होत्या. मला वाटलं, ही परीक्षा घ्यायची सवय आता जन्मभर जाणार नाही. न राहवून मी विचारलं, की गेमच खेळायचा आहे ना, मग एवढं कशाला?

त्यांनी वहीतून मान वर केली नाही. "मधात अटकला नाई पाह्यजे. एकदा अटकला होता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सोबत चल म्हणून सांगितलं. मनगट सुजल्यामुळे लॅपटॉप त्यांच्यानं उचलवत नव्हता. मोताळ्याला बस बदलून आम्ही धामणगाव बढ्याला उतरलो. तिथं त्यांचे थोरले भाऊ राहतात, शालिग्रामभाऊ. त्यांच्याबद्दल जे काही मला कळलं ते त्या दुसऱ्या बसमध्ये. मॅडम खिडकीबाहेर पाहत, वर्गात एखादं उदाहरण फळ्यावर घालावं तशा आवाजात सांगत होत्या.

शालिग्रामभाऊ तरुणपणी ट्रकवर होते. नांदुऱ्याच्या जिनिंग कारखान्यातून कापसाच्या गाठी भरून लांब लांब जायचे. वडील अचानक गेले तेव्हा मॅडम कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होत्या. घरात एक माणूस शेतात हवा होता आणि एकाला शिकायचं होतं. भाऊंनी ट्रकची किल्ली मालकाला परत दिली आणि पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नाहीत. पुढे गावात बीटी कपाशी आणली ती त्यांनीच. पहिली काही वर्षं पीक असं आलं, की अख्खी गल्ली त्यांना विचारून बियाणं घ्यायला लागली. मागच्या हंगामातही लोकांनी त्यांना विचारूनच लावली होती. मग अळी निघाली. कुणी त्यांना एका शब्दानं बोललं नाही. पण भाऊंनी उभ्या कपाशीत जनावरं सोडली, घरी आले, भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसले, ते बसलेच. शेतात जाणं बंद, चावडीवर जाणं बंद, बोलणं हो आणि नाही एवढंच.

हिवाळ्यात मॅडमनी हाच लॅपटॉप त्यांच्यापुढे आणून ठेवला होता. भाऊंनी दोन मिनिटं पाहिलं होतं. सरळ बसलेही होते. तेवढ्यात घाटात रेघा आल्या, ट्रक अटकला, आणि ते पुन्हा भिंतीकडे वळले होते.

आम्ही पोचलो तेव्हा भाऊ तसेच बसलेले होते. खोलीवर टिनच होतं आणि पंखा गरम हवा फेकत होता. वहिनींनी पाणी दिलं आणि मॅडमकडे अशा नजरेनं पाहिलं, की कूलर बंद केला म्हणून काढलेल्या कुरकुरीची मला शरम वाटली. मॅडमनी स्टुलावर लॅपटॉप ठेवला, वायर लावली, ट्रक सुरू करून रस्त्यावर उभा केला आणि भाऊंच्या शेजारी खाटेवर बसल्या. इंजिन घुरघुरत राहिलं. मी मनात चिपचं तापमान मोजत होतो.

मग भाऊंनी मान फिरवली. पडद्याकडे पाहिलं.

"याचा हॉर्न कुठी हाये?"

दारात उभ्या वहिनींनी पदर तोंडाला लावला. मॅडमनी फक्त बोट ठेवून ते बटण दाखवलं.

पुढचं सांगून टाकतो. भाऊ काही एका दिवसात पहिल्यासारखे झाले नाहीत. पण रोज दुपारी ट्रक काढायला लागले. मृगात ते शेतात गेले, कपाशी लावली नाही, तूर आणि सोयाबीन टाकलं, आणि गल्लीतल्या एकानं काय पेरू म्हणून विचारलं तेव्हा त्याला उत्तर दिलं. मॅडम दर शनिवारी बसनं धामणगावला जातात. लॅपटॉप अजून चालतो.

पण मला आठवते ती पहिली दुपार. अर्ध्या तासात भाऊंचा हात बसला होता. घाट उतरून ट्रक एका अरुंद पुलावर आला, समोरून दुसरी गाडी येत होती. भाऊ पुढे वाकले, डोळे रस्त्यावर, आणि मान न वळवता म्हणाले, "सिंधू, डाव्या अंगाले पाह्य."

डाव्या अंगाला भिंत होती. तिच्यावर एक जुनं कॅलेंडर होतं. मॅडम खाटेच्या काठावर सरकल्या, एका हातानं खाटेची दांडी धरली, ट्रकचा क्लीनर खिडकीतून बाहेर डोकावतो तशा डावीकडे वाकल्या आणि खाली नीट पाहून घेतलं.

"येऊ दे भाऊ," त्या म्हणाल्या. "येऊ दे. जागा हाये."