दाजींनी आयर्लंडात मेंढी घेतली

आमचे दाजी कुठल्याही जनावराचं तोंड उघडून दात बघितल्याबिगर पुढं सरकत नाहीत. मेंढी असो, बैल असो, घोडा असो. डाव्या हातानं जबडा धरायचा, उजव्या अंगठ्यानं ओठ उचलायचा आन् निकाल द्यायचा, "सहा दाती हाये. मालक चार सांगंल, खोटारडा." दातांच्या बाबतीत ह्या माणसानं जन्मात कुणाची भीडभाड ठेवली नाय.

एकदा शहरात गुलमंडीवर वरात चालली होती. बँड जोरात, नवरदेव घोड्यावर. दाजी मधेच घुसले आन् घोड्याचा ओठ उचलला. घोडं बिचकलं, नवरदेव त्याच्या मानेवर आला, बँड बंद पडला. दाजी शांतपणे म्हणाले, "म्हातारं हाये बिचारं. नवरदेव उतरून चालंल तर पुण्य लागंल." तिथून त्यांना मी ओढत आणलं.

माझी नात सारिका, तिला बघायला पोरगं आलं तेव्हा तर हद्द झाली. "पाव्हणं, जरा हासा बरं." पोरगं हसलं. दाजींनी मान वाकडी करून बघितलं. "दाढ किडकी हाये, पर चालंल." तो आज आमचा नातजावई आहे आन् दाजी समोर आले की तोंडावर हात धरतो.

दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे मालक, खंडू दाजी. आम्ही दोघंही बिडकीनकडचे धनगर. मी चौथीपर्यंत शिकलो. मास्तरानं विनाकारण मारलं म्हणून शाळा सोडली, त्याला आजून माफ केलेलं नाय. तेव्हा लिहिण्यात चूकभूल असंल, सांगण्यात नाय.

तर झालं असं. माळावर कंपन्या आल्या, तारेची कुंपणं पडली, चरायला जागा राहिली नाय. दाजींनी मेंढरं विकली, सगळी, एका दिवसात. तेव्हापासून माणूस बोलायचा बंद झाला. रस्त्यानं जनावर दिसलं की दात तेवढे बघायचे; घरात आले की भिंतीकडं तोंड. माझी बहीण मला म्हणाली, "दादा, ह्यांचं अंग घरात हाये, माणूस नाय. सारिका बोलावती ना तिकडं? माझ्या गुडघ्यानं मला जमायचं नाय. तुम्ही न्या, आन् बोलतं करून आणा."

सारिका आयर्लंडात नर्स आहे. मी बहिणीला शब्द दिला. माझा शब्द म्हणजे शब्द.

विमानतळावर उतरलो आन् समोर पोलिसांचं कुत्रं, सामान हुंगणारं. मला कळायच्या आत दाजी खाली बसले आन् कुत्र्याचा ओठ उचलला! तीन पोलीस धावले. कुत्रं मात्र खूश, शेपूट हलवतंय. "जवान हाये," दाजी म्हणाले. चार महिन्यांत मी ऐकलेले ते पहिले शब्द. म्हटलं, सुरुवात तर झाली.

आन् काय तो मुलूख! अहो, काय हिरवं! डोळ्याला गारवा लागतो असं हिरवं. पाऊस पडतो पण अंगावर येत नाय, नुसता गोंजारतो. दगडावर दगड रचून बांधाच्या भिंती, चुना नाय, गारा नाय, आन् मैलोन् मैल उभ्या. चिखलाच्या विटा कापतात, वाळवतात आन् चुलीत घालतात. म्हणजे गोवऱ्याच की! शेणाच्या नायत एवढंच. सारिकानं एक जुना किल्ला दाखवला. मी स्पष्ट सांगितलं, "आमच्या दौलताबादच्या पायथ्याला मावंल." पण एका दुकानात म्हातारी माणसं कोपऱ्यात बसून सारंगीसारखं काहीतरी वाजवत होती, पायानं ठेका धरत होती, तिथं मात्र माझाही पाय हलला. कबूल करतो.

दाजी गप्पच. गाडीच्या काचेला नाक लावून नुसती मेंढरं बघायची. कुणाच्या पाठीवर निळा ठिपका, कुणाच्या लाल. ज्याची त्याची खूण.

एका गावात रस्त्यावरच लोखंडी कठडे लावून मेंढरांचा बाजार भरला होता. मी ओरडलो, "सारिके, थांबव गाडी!" आपला सोयगावचा बाजार बघा आन् हा बघा, तोच वास, तीच ओरड. दाजी कठड्याकठड्यातून ओठ उचलत निघाले. एका म्हाताऱ्याच्या कठड्याशी थांबले. चपटी टोपी घातलेला, लालबुंद गालांचा, जॉन नावाचा तो म्हातारा. त्याच्या एका मेंढीचं तोंड दाजींनी उघडलं आन् लई वेळ धरून ठेवलं.

"दोन दाती," दाजी म्हणाले. म्हणजे तरणी.

आन् काय केलं असंल? आपल्याकडं व्यापारी करतात तसं खांद्यावरचं उपरणं म्हाताऱ्याच्या हातावर टाकलं, आत हात घातला आन् बोटं दाबली! आपल्याकडं ह्यानं भाव ठरतो, चारचौघांना कळू न देता. जॉनला वाटलं, परदेशातला माणूस, ह्यांची रामराम करायची रीत असंल. त्यानंही हसत हसत बोटं दाबली.

"सौदा झाला!" दाजी गरजले.

बाजूला एक लठ्ठ मध्यस्थ उभा होता. त्यानं दोघांचे हात धरून फाडकन एकमेकांवर आपटले. तिकडं सौदा असा पक्का होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सारिका पळत आली.

"दाजीआबा! मी तिसऱ्या मजल्यावर राहते! मेंढी ठेवू कुठं?"

"गॅलरी हाये की."

"आबा, तुम्ही तरी सांगा त्यांना!"

मी काय सांगणार? हात दिला म्हणजे दिला. जॉनचंही तेच म्हणणं पडलं. लई मानी माणूस. बाजारात हात लागला, आता माघार नाय.

त्यांची बोलाचाली चालली होती, तेवढ्यात मी वाकलो. मीही धनगरच आहे. मेंढीचा ओठ उचलला. आत दोन दात कसले, नुसतं बोळकं! सगळे दात गळालेले. असली मेंढी बाजारातून कुणाकडं जाते, हे कुठल्याही मुलखात सांगावं लागत नाय.

मी दाजींकडं बघितलं. ते हळूच म्हणाले, "पाव्हणं, गप ऱ्हा."

"दाजी, ही तर..."

"त्या दिवशी टेंपोत चढवताना म्हाताऱ्या मेंढ्या मागं वळून माझ्याकडं बघत व्हत्या. मी पाठ फिरवली. बास."

मी मेंढीचं तोंड मिटलं, आन् माझंही. आमच्या घराण्यात हे अवघड काम आहे.

सारिकानं पैसे चुकते केले. जॉननं त्यातलंच एक नाणं थुंकी लावून दाजींच्या हातावर ठेवलं, शकुनाचं. मग सारिकानं त्याला काय काय सांगितलं देव जाणे. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं आन् बोलला. सारिका म्हणाली, "ते म्हणतात, मेंढी तुमची, गवत माझं. मरेपर्यंत राहू दे. माझा मुलगा ऑस्ट्रेलियात आहे, एवढं गवत ठेवू कुणासाठी?"

त्याच्या रानात गेलो. चहूकडं त्या दगडी भिंती, पलीकडं समुद्र. जॉन निळ्या रंगाचा डबा घेऊन आला, खूण करायला. दाजींनी त्याचा हात धरला. बंडीच्या खिशातून भंडाऱ्याची पुडी काढली आन् मेंढीच्या ओल्या पाठीवर चिमूट चिमूट चोळली. "येळकोट येळकोट!" मीही ओरडलो, "जय मल्हार!" समुद्रावरची पाखरं उठली. आजूबाजूच्या एवढ्या निळ्या-लाल मेंढरांत एकच पिवळी. जॉननं कपाळ पुढं केलं, दाजींनी त्यालाही भंडारा लावला.

मेंढी चरायला लागली. दाजी भिंतीवर बसले आन् सारिकाला म्हणाले, "फोन लाव तुझ्या आजीला."

फोनवर माझी बहीण दिसली, पदर सावरत, घाबरलेली. एवढ्या महिन्यांत मालकानं तिला स्वतःहून हाक मारली नव्हती.

"अगं," दाजी म्हणाले, "आपली एक राहिली बघ."

ती काय बोलली ते वाऱ्यात ऐकू आलं नाय. दाजींनी फोन मेंढीकडं फिरवला, मग समुद्राकडं, मग जॉनकडं, आन् ही कोण, तो कोण, गवत कसलं, वारा कसला, सांगतच राहिले. मी आन् जॉन भिंतीला टेकून उभे होतो. त्याला मराठी येत नव्हतं, पण मधे बोलायचं नाय एवढं त्यालाही कळत होतं.