सिद्रामअण्णा आणि ऐंशीची थरथर

सिद्रामअण्णा कुणाच्याही गाडीत बसण्याआधी चपला काढतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, म्हातारा नव्या गाडीचा मान राखतोय. तसं काही नसतं. अनवाणी पावलं गाडीच्या तळाला टेकवायची, डावा तळहात डॅशबोर्डवर पसरायचा, डोळे मिटायचे आणि चालवणाऱ्याला हुकूम सोडायचा, "हं, घे ऐंशीला!"

बीदरमधल्या आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे चारचाकी आहे, त्या सगळ्यांची अण्णांनी अशी नाडी पाहिलेली आहे. त्यांचा सिद्धांत सोपा आहे. गाडी हायवेला लागून ऐंशीच्या पुढं गेली की तिच्या पोटातलं बाहेर पडतं. "थरथर हाताला लागली तर पुढचं चाक. बुडाला लागली तर मागचं. आन ब्रेक दाबल्यावरच लागली तर चाकाच्या नादी लागू नको, ब्रेकची डिस्क बघ." हे ते मुलीच्या साखरपुड्यातही सांगतात आणि कुणाच्या दहाव्यालाही. नमस्कार-चमत्कार त्यांना ठाऊक नाहीत. भेटला की पहिला प्रश्न, "ऐंशीला काय म्हणायलीय?" माझ्या मेहुण्याला वाटलं, ते त्याच्या ऐंशीच्या घरातल्या आईबद्दल विचारतायत. तो बिचारा म्हणाला, "हिंडतीया-फिरतीया, पण रात्री जरा खोकती." अण्णांनी गंभीरपणे सल्ला दिला, "एअर फिल्टर बदल."

अण्णा काही मेकॅनिक नव्हेत. आयुष्यभर त्यांनी बी-बियाण्यांचं दुकान चालवलं. स्वतःची गाडी होती, पण नजर अधू झाल्यावर त्यांनी ती एकदा स्वतःच्याच घराच्या फाटकाला घासली. हैदराबादचा मुलगा आला, त्यानं गाडी विकून टाकली आणि "अप्पा, आता घरात बसायचं" असं बजावून गेला. बायको आधीच गेलेली. घरात बसणं त्यांना जमेना, म्हणून ते आमच्या गाड्यांत बसू लागले. बसनं हिंडायचं तर गुडघे पायरी चढू देत नाहीत. वर त्यांचं म्हणणं, "बस समदीच हालती. तिचं निदान करायला जन्म पुरायचा न्हाई."

माझं कापडाचं दुकान आहे. मागच्या वर्षी मी एक जुनी गाडी घेतली, आणि अण्णांचं नशीब उजळलं. जनवाड्याला एका नातेवाइकाच्या शेतावर जेवण होतं. तिथं पावसात गाडी चिखलात रुतली. ढकलून काढली, वरून धुतली. पण दोन दिवसांनी हायवेला स्टिअरिंग असं हलू लागलं की माझी बायको सुनंदा म्हणाली, "मला उतरवा, मी चालत येते."

अण्णांना सांगताच ते खुरपं घेऊन हजर झाले. चाकाच्या आतल्या बाजूला रिममध्ये चिखल वाळून दगड झाला होता. "एका अंगाला वजन पडलं की चाक पिसाळतं रे दिगंबर," असं म्हणत त्यांनी तो खरवडून काढला. मग अर्थातच गाडी तपासायला हवी. कुठवर जायचं? "राजेश्वरपत्तर."

"अण्णा, इतकं लांब? हुमनाबादलाच कळेल की."

"टायर तापल्याबिगर खरं बोलत न्हाई."

राजेश्वरला त्यांची थोरली बहीण राहते, महादेवीअक्का. भावंडांत आता ही दोघंच उरलेली. अक्कांना ऐकू कमी येतं, त्यामुळे फोनचा उपयोग शून्य. त्या तिकडून "ऊट आयता?" म्हणजे जेवलास का, असं कन्नडमध्ये विचारतात. अण्णा इकडून जेवलो म्हणून ओरडतात, आणि अक्का पुन्हा तेच विचारतात. त्या दिवशी अण्णा दारात उभे राहून म्हणाले, "ह्याची गाडी तपासायला आलो होतो. टायर निवायला पायजे, म्हणून थांबलो." टायर चांगला दोन तास निवला. तेवढ्यात भाकरी, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी आणि अक्कांच्या तोंडून गावभरच्या गप्पा झाल्या. परतताना अण्णा सबंध रस्ता शीळ घालत होते. गाडीही लोण्यासारखी पळत होती.

पंधरा दिवसांनी थरथर परत आली.

अण्णांनी तळहात ठेवला, डोळे मिटले. "पुढचं डावं." मी टायरवाल्या खाजाभाईकडे चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं. यात चाक मशीनवर फिरवतात आणि जिथं हलकं भरेल तिथं रिमला शिशाचा छोटा तुकडा ठोकतात. थरथर गेली. खात्री करायला राजेश्वर. आणखी काही दिवसांनी पुन्हा थरथर, पुन्हा खाजाभाई, पुन्हा राजेश्वर. मग अण्णांनी टायर अदलाबदल करायला लावले, मग अलाइनमेंट, मग रस्त्यालाच दोष दिला. माझे रविवार त्या थरथरीत जाऊ लागले. सुनंदानं शेवटचं सांगितलं, "एक तर गाडी नीट करा, नाही तर विका. आणि गाडीबरोबर अण्णांनाही द्या."

हे मी गमतीनं अण्णांच्या कानावर घातलं, तर त्यांचा चेहरा पडला. "इकू नको बाबा," ते घाईनं म्हणाले. "दुखणं सांपडंल. अजून एक बार बघू."

शनिवारी मी खाजाभाईसमोर गाडी उभी करून जवळजवळ भांडायलाच लागलो. त्यानं चाक काढलं, रिमवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "शेट, मेरे पे गुस्सा नक्को करो. ये शिसा गिरा नै. कोई तो बी निकाला. देखो, पेचकस का निशान." खरंच, रिमच्या कडेला पेचकसाचे, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचे ओरखडे होते. एकावर एक, जुने आणि नवे.

आमच्या गल्लीत पेचकस घेऊन माझ्या चाकाशी बसणारा माणूस शोधायला पोलीस लागणार नव्हते. माझं डोकं सणकलं. शिसं लावू नको म्हणून खाजाभाईला सांगितलं आणि रविवारी अण्णांना तसल्याच हलत्या गाडीत घालून राजेश्वरला नेलं. मनात ठरवलं होतं, आज अक्कांसमोरच ह्यांचं भांडं फोडायचं.

चहा झाला. अण्णा "टायर निवलं का बगतो" म्हणून बाहेर गेले. मी तोंड उघडणार, एवढ्यात अक्काच माझ्याजवळ सरकल्या.

"तुजी गाडी नीट हुईना व्हय रं?"

मी मान हलवली.

"व्हायची न्हाई," अक्का तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "माजं लगीन होऊन मी हितं आले, तवापासनं ह्याचं असंच हाय. आमचे वडील, अप्पा, लई कडक. लेकीच्या घरी सारखं जाऊ ने, मान ऱ्हात न्हाई म्हणायचे. तवा आमचं माहेर हितनं जवळच्याच गावात. मग हा काय करायचा? बैल लंगडायलाय, राजेश्वरच्या वैद्याला दाखवतो म्हणून बैल घेऊन यायचा. बैल टणटणीत! एकदा येताना फडकं डाव्या पायाला बांदलेलं, आन जाताना बांदलं उजव्याला! सासूबाई हासून हासून लोळल्या." अक्कांनी डोळे पुसले. "नंतर दुकानाचं काम निगायचं, कवा कुणाला पैसं द्यायचं निगायचं. पर मला भेटायला आलो म्हणून एकदा बी बोलला न्हाई. अप्पा जाऊन किती वर्सं झाली, ह्याला अजून कारण लागतंय. जमलं तर लई नीट करू नको बाबा तुजी गाडी."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मला सारखे दिसायला लागले ते अण्णांचे गुडघे. बसची पायरी न चढणारा हा माणूस पहाटे गल्लीत कुणी नसताना माझ्या चाकापाशी जमिनीवर बसत होता, अधू नजरेनं शिशाचा तुकडा चाचपून काढत होता, आणि मग कशाला धरून पुन्हा उठत होता कोण जाणे. मला नुसतं "ने रे" म्हणाले असते तर मी नेलं नसतं का? पण हा विचार करताना मलाच लाज वाटली. इतक्या वेळा दोघांना एकत्र हसताना पाहूनही, "चला, नेतो" असं मीही कधी म्हटलं नव्हतं.

सोमवारी मी गाडी नीट करून घेतली. पुढच्या रविवारी सकाळी अण्णांच्या दारात उभा राहिलो.

"अण्णा, चला राजेश्वरला."

"हलायलीय?" त्यांनी आशेनं विचारलं.

"न्हाई. झकास चालायलीय."

"मग कामून जायाचं?"

"अक्कांना भेटायला."

अण्णांनी एकदा माझ्या गाडीच्या चाकाकडे पाहिलं. पेचकसाचं मला कळलंय, हे त्यांना कळलं असावं. ते आत गेले. बराच वेळ आले नाहीत, मला वाटलं रुसले. मग इस्त्रीचा सदरा घालून, कपाळाला ताजी विभूती लावून बाहेर आले. हायवेला लागल्यावर सवयीनं त्यांचा हात डॅशबोर्डकडे गेला, आणि मध्येच मांडीवर परत आला.

अक्का ओसरीवर तूर पाखडत होत्या. आम्हाला पाहून सूप थांबलं.

"बा, बा! ये की! आज काय झालं रं गाडीला?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम शेजारच्या म्हशीकडे पाहायला लागलो. अण्णा सदऱ्याचं बटण चाचपत काहीतरी पुटपुटले.

"आँ?" अक्कांनी कानाला हात लावला.

"गाडीला काय झालं न्हाई," अण्णा जरा मोठ्यानं म्हणाले.

"आँ? काय न्हाई?"

आता इलाज नव्हता. अण्णांनी छाती भरून श्वास घेतला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "तुला बगायला आलो, अक्का! नुस्तं तुला बगायला!"

समोरच्या दारातल्या बायका बाहेर डोकावल्या. अक्कांच्या हातातलं सूप खाली गेलं. त्या घाबऱ्याघुबऱ्या उठल्या, भावाच्या कपाळावर उलटा हात ठेवला, आणि मला विचारलं, "काय झालंय रं ह्याला? खरं सांग."