एक्क्याऐंशी टोले

घंटा ऐकून कोण गेलं ते कुशाबा कंपाउंडर घरबसल्या सांगायचा. आळे गावच्या ख्रिस्ती मंडळीत मिशनरी साहेबांच्या काळापासूनची पद्धतच तशी होती. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला बोलावताना घंटा भराभर वाजवायची, आणि कुणी प्रभूत निजलं तर संथ, एकेक टोला द्यायचा. जाणाऱ्याचं जितकं वय तितके टोले. मंडळी म्हणजे वरची आळी आणि खालची आळी मिळून चाळीस घरं. कुशाबाला सगळ्यांची वयं तोंडपाठ. शेवटचा टोला विरायच्या आत तो नाव सांगून मोकळा व्हायचा, आणि देवळाचा शिपाई भागू निरोप घेऊन दारात येईपर्यंत याच्या अंगात काळा कोट चढलेला असायचा. "चाळीस वर्सांत एकदा बी चुकलो न्हाई," असं तो आल्यागेल्याला चहाबरोबर ऐकवायचा. मरणाच्या बाबतीत इतका बिनचूक माणूस साऱ्या पंचक्रोशीत नव्हता.

फक्त स्वतःच्या वयाच्या बाबतीत त्याचा हात जरा सैल होता.

त्याचं असं झालं. १९९८ साली देवळाला पंचाहत्तर वर्षं पुरी होणार होती. अमृतमहोत्सवाची संगमरवरी पाटी बसवायचं ठरलं. पंच कमिटीच्या महिन्याच्या सभेत पाळकसाहेब म्हणाले, पाटीवरचा पडदा मंडळीतल्या सर्वांत ज्येष्ठ सभासदाने दूर करावा आणि त्याचं नाव पाटीवर कोरावं. कोरावं! कुशाबा ताठ बसला. दवाखान्यात त्याने छत्तीस वर्षं औषधाच्या बाटल्या भरल्या, पण तिथल्या फळीवर नावं होती ती डॉक्टरांची. घरावर पाटी होती ती मुलाच्या नावाची. दगडावर आपलं नाव यायचं ते मेल्यावर कबरीवर, आणि ते आपल्याला वाचता येणार नाही, ही गोष्ट त्याला बरीच वर्षं टोचत होती.

तो उठला आणि म्हणाला की मला एक्क्याऐंशी चालू आहे. नोकरीच्या कागदांवर तो शहात्तरचा होता, पण नोकरी लांबावी म्हणून घरच्यांनी वय पाच वर्षं कमी लावलं, असा त्याचा खुलासा. हा खुलासा त्याने इतक्यांदा केला होता की आताशा त्याला स्वतःलाही तो खरा वाटायचा.

तेवढ्यात पलीकडून शिलास मास्तर उठला. मिशनच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेला हा मास्तर कुशाबाचा लहानपणापासूनचा दोस्त. बोर्डिंगात दोघे एका ताटात जेवलेले. मास्तरने चष्मा पुसत सांगितलं की एक्क्याऐंशी त्यालाही चालू आहे. मग पुरावे सुरू झाले. देवळाचा पाया खणताना आलेल्या साहेबाची हॅट मास्तरला आठवत होती, तर चुन्याच्या घाणीचा बैल कुशाबाला आठवत होता, शिंगांसकट! त्या सालचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं, त्यामुळे हॅट खरी की बैल खरा हे कोण ठरवणार? आवाज चढले. देवळाची झाडलोट करणारी साळुबाई मधूनच चहा देत फिरत होती. ती ठार बहिरी. दोघे भांडताहेत हे तिच्या गावीही नव्हतं. दोघांच्या हातात कप देऊन ती दोघांकडे बघून हसली. शेवटी पाळकसाहेबांनी निकाल पुढल्या महिन्याच्या सभेवर ढकलला.

ती पुढली सभा यायच्या आधीचा शनिवार. दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन. पाळकसाहेब घोडेगावच्या मंडळीकडे गेले होते आणि भागू शिपाई प्रभुभोजनाचा पाव आणायला आळेफाट्याला. दुपारचे तीन वाजले असतील. कुशाबा ओसरीवर पाय पसरून बसला होता आणि त्याची बायको बयाबाई शेंगा फोडत होती. एवढ्यात घंटा वाजली. एकच टोला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

कुशाबाने हात वर करून बयाबाईला गप्प केलं आणि मोजायला लागला. वीस झाले, चाळीस झाले, साठ झाले. सत्तर ओलांडल्यावर त्याने पसरलेले पाय आखडून घेतले. मोजणं संपलं ते एक्क्याऐंशीवर. घंटा गप्प झाली.

"मास्तर गेला," कुशाबा म्हणाला.

बयाबाईच्या हातातली शेंग खाली पडली. पण ती बाई हिशेबाला पक्की. तिच्या मते टोले सत्तरच्या आसपास होते, कारण मध्ये हे एकदा शिंकले होते आणि शिंकेनंतर त्यांनी एकदम दहाने पुढचा आकडा धरला होता. कुशाबाला राग आला.

"शिंकताना बी मी मोजत असतो. एक्क्याऐंशीची मंडळीत दोनच माणसं. एक मी आन् एक मास्तर. मी तर हितं बसलोय!"

यावर कुणाचंच काही चालण्यासारखं नव्हतं. कंपाउंडरने सांगितलं म्हणजे झालंच, असं म्हणत वरची आळी उठली. दोन बाप्ये टिकाव-फावडं घेऊन कबरस्तानाकडे गेले. महिला मंडळाच्या बायकांनी चहाचं मोठं पातेलं काढलं. नौशादच्या एसटीडी बूथवरून मास्तरच्या मुलाला पुण्याला फोन गेला.

आणि कुशाबा? खरं सांगायचं तर मास्तर गेला म्हटल्यावर त्याच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते असं: पाटी आपली. दुसऱ्या क्षणी त्याला बोर्डिंगातलं ते एक ताट आठवलं, भाकरीचा मोठा तुकडा त्याच्याकडे सरकवणारा शिल्या आठवला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण पहिलं ते पहिलंच. कोटाची बटणं लावताना त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की बयाबाईकडे बघायचं धाडस होईना.

मागून सगळे येतच होते. हार घ्यायला म्हणून तो एकटाच पुढे निघाला. पेठेत शिरला आणि लोक काहीतरीच वागायला लागले. शिंप्याने मशीन थांबवलं. पाणी घेऊन निघालेली एक बाई याला बघून हंड्यासकट मागे फिरली. मास्तरवर गावाचा केवढा जीव, असं मनात म्हणत कुशाबा दिलावरच्या फुलांच्या टपरीवर पोचला. दिलावरने मान वर केली आणि त्याच्या हातातली सुई बोटात घुसली. झेंडूचा मोठा हार त्याने लांबूनच फळीवर ठेवला, पैसे नकोत म्हणून मान हलवली आणि टपरीच्या मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. 

पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर कुशाबा वळला, आणि समोरून काळा कोट घालून, हातात झेंडूचा हार घेऊन शिलास मास्तर आला.

दोघेही जागच्या जागी थिजले. कुशाबा मागे सरकला. त्याने गिरणीच्या भिंतीला हात लावला. मास्तरचा चष्मा नाकावरून घसरून तोंडापाशी आला तरी त्याला तो वर करायचं सुचेना.

"तू मेला न्हाईस?" मास्तरने विचारलं.

"मी कशाला मरू? एक्क्याऐंशी टोले पडले. ते तुझं वय."

"माझं? तूच तर कमिटीपुढं सांगितलंस एक्क्याऐंशी."

"तू बी सांगितलंस."

ते खरं होतं. मास्तरही आपल्या ओसरीवर बसून मोजत होता, आणि गणिताच्या मास्तराचं मोजणं म्हणजे खालच्या आळीला काळ्या दगडावरची रेघ. त्यानेही हाच हिशेब मांडला होता: एक मी, एक कुशा, आणि मी तर इथे बसलोय. खालच्या आळीचे दोन बाप्येही कबरस्तानात पोचले होते आणि चिंचेखालची सावलीची जागा कंपाउंडरला की मास्तरला, यावरून तिथे चौघांची आता जुंपली होती. दिलावरकडून पहिला हार नेला तो मास्तरने, कुशाबासाठी. बिचाऱ्या दिलावरने दहा मिनिटांपूर्वी ज्याच्या मयतीचा हार विकला होता, तो माणूसच दुसरा हार मागायला आला होता!

दोघांनी आपापले हार हळूच पाठीमागे घेतले. 

"मास्तर," कुशाबा खालच्या आवाजात म्हणाला, "टोले मोजून झाल्यावर तुला पैलं काय वाटलं?"

मास्तरने घसरलेला चष्मा वर केला.

"तुला वाटलं तेच," तो म्हणाला.

कुशाबाला एकदम हलकं वाटलं. इतका मोठा पापी आपण एकटाच नाही, याचं सुख काही निराळंच असतं. तो पुढे होऊन मास्तरच्या खांद्यावर हात ठेवणार, एवढ्यात घंटा पुन्हा वाजायला लागली. एक टोला. मग दुसरा. दोघांनी एकमेकांचे हात घट्ट धरले. आपण दोघेही जिवंत, मग हे टोले कुणाचे? की आपल्यालाच कळलं नाही, आणि लोक आपल्याला बघून पळत होते ते उगीच नव्हतं? मास्तरने कुशाबाला चिमटा काढला. कुशाबा कळवळला, तेव्हा कुठे दोघांना धीर आला, आणि हात न सोडता ते देवळाकडे निघाले.

देवळाच्या आवारात दोन्ही आळ्या आधीच जमल्या होत्या. घोडेगावहून परतलेले पाळकसाहेब स्कूटर तशीच चालू ठेवून उभे होते. त्यांच्या कानावर दोन मरणं आली होती आणि प्रेत एकही दिसत नव्हतं. बाप गेल्याचा निरोप मिळून पिंपरी पेंढारहून जीपमधून रडत आलेली कुशाबाची लेक बापाला हात धरून चालताना बघून ओरडायची ती खालीच बसली.  सगळे घंटेच्या बुरुजाकडे बघत होते.

बुरुजाला टेकून एक शेळी उभी होती. तिचं दावं घंटेच्या दोराला बांधलेलं. वर शेवग्याची फांदी. शेळी फांदीकडे झेप घ्यायची, दोर ताणला जायचा, टोला पडायचा. दोर तिला मागे ओढायचा, ती जरा दम खायची, आणि पुन्हा झेप. भागूलासुद्धा इतकं दुखवट्याचं वाजवणं कधी जमलं नव्हतं.

आतून साळुबाई खराटा घेऊन बाहेर आली. शेळी रोज लिंबाच्या बुंध्याला बांधायची ती. पण महोत्सवासाठी बुंध्याला त्या दिवशी चुना फासला होता आणि तो ओला होता. म्हणून शेळी दोराला बांधून ती आत फरशी धूत बसली होती. घंटेचा एक टोलाही तिच्या कानावर पडला नव्हता. काळे कोट आणि हार बघून तिचं तोंड उतरलं.

"कोण गेलं रं?" बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात तिने विचारलं.

कुशाबाची भीती गेली आणि तिच्या जागी संताप आला. तो तिच्या कानाशी गेला आणि साऱ्या मंडळीदेखत ओरडला, "तुज्या शेळीनं आमाला जित्तेपणी मारलं! एक्क्याऐंशी वर्साच्या म्हाताऱ्याची अशी चेष्टा?"

"कोण एक्क्याऐंशीचा?"

"मी!"

साळुबाईने त्याला खालून वर बघितलं आणि हसली. "तू? आरं, तुला बाप्तिस्म्याला मीच कडेवर घेऊन आले व्हते. कपाळाला पाणी लागल्याबरुबर तू माझं परकर-पोलकं भिजवलंस. त्याच्या दुसऱ्या वर्साला पाया खणला. मला तवा नववं चालू व्हतं, मी पाट्या उचलायची."

 पाळकसाहेबांनी बोटांवर मोजलं आणि पुन्हा मोजलं. साळुबाई चौऱ्याऐंशीची होती. मासिक सभेत सर्वांत म्हातारं कोण यावर भांडण चाललं होतं तेव्हा ती चहा देत फिरत होती, आणि तिचं वय विचारावं असं एकाही पंचाला सुचलं नव्हतं. पाळकसाहेबांनी टोपी काढली. कुशाबाला कळून चुकलं. पाटी गेली. नुसती गेली नाही, तर साऱ्या मंडळीसमोर ओल्या लंगोटासकट गेली.

मास्तरला मात्र अजून आशा होती. तो चाचरत पुढे झाला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून त्याने खुणेने विचारलं, मग मी?

"तू?" साळुबाई म्हणाली. "तू तवा न्हवतासच. देऊळ हुबं ऱ्हायल्यावर झालास."

मास्तरची हॅट गेली, साहेबही गेला! त्या सगळ्या नामुष्कीतून कुशाबाचा चेहरा असा उजळला की बयाबाईने कपाळावर हात मारला. या गडबडीत फक्त शेळीचं काम शांतपणे चाललं होतं. दोघांच्या पाठीमागे लोंबणारे दोन्ही हार तिने निम्मे संपवले होते.

महोत्सवाला पाटीवरचा पडदा साळुबाईने ओढला. पाटीवर तिचं नाव आहे, श्रीमती या अक्षरांसकट. त्या दिवशी घंटेची जबाबदारी भागूकडे दिली, आणि शेळीची दोन अनुभवी माणसांकडे. महोत्सवाचा फोटो आजही कुशाबाच्या ओसरीवर लावलेला आहे. मधोमध पाटी, पाटीशेजारी साळुबाई, आणि अगदी कडेला काळ्या कोटातले दोन म्हातारे, मध्ये शेळी धरून उभे. आल्यागेल्याला चहा देताना कुशाबा आता घंटेचा विषय काढत नाही. तो फोटोवर बोट ठेवतो आणि म्हणतो, "शेळीच्या हिकडचा थोरला, तो मी."